गंगापूरच्या बॅकवॉटरवरून टो-इनपर्यंत: जेट स्कीच्या प्रमाणपत्रांची वाट

मागच्या उन्हाळ्यात मखमलाबादच्या मामेभावाने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. पोर्तुगालमधलं नाझारे. आठ मजली इमारतीएवढी लाट, तिच्या तोंडावर एक ठिपका आणि लाटेच्या खांद्यावरून सटकणारी जेट स्की. "दादा, ती स्कूटर चालवायला कुठला कोर्स लागतो? आपल्या नाशकात होतो का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही होत. पण निम्मी तयारी नाशकातच होते. ती न करता गोव्याची गाडी पकडली तर फी पाण्यात जाते. माझी पहिल्या खेपेला तशीच गेली होती. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी टो-इन म्हणजे काय ते. लाट जितकी मोठी तितकी ती वेगाने पुढे सरकते, आणि एका मापानंतर हाताने पाणी मारत तिला गाठता येत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत लेअर्ड हॅमिल्टन, बझी करबॉक्स आणि डॅरिक डोर्नर यांनी सर्फरला दोराने ओढून लाटेवर सोडायला सुरुवात केली. आधी हवेच्या रबरी बोटीने, मग जेट स्कीने. चालकाचं काम मात्र सर्फरला सोडल्यावर संपत नाही. पडलेल्या माणसाला पुढची लाट यायच्या आत फेसाळ पाण्यातून उचलून आणायचं हे खरं काम. चालवणं अर्ध्या तासात जमतं. सगळं प्रशिक्षण असतं ते या उचलण्याचं.

१. आधी कागदांचा गोंधळ सोडवा

लोक 'जेट स्कीचं लायसन' असा एकच शब्द वापरतात. प्रत्यक्षात चार वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा कागद वेगळा.

पहिला, मशीन नीट हाताळता येतं याचा. दुसरा, माणूस वाचवता येतो याचा, म्हणजे जीवरक्षक किंवा सेफ्टी बोटचा कोर्स. तिसरा धंद्याचा: पर्यटकांना फेऱ्या मारायच्या असतील तर महाराष्ट्राच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, शिवाय जागेनुसार बाकीच्या परवानग्या आणि बोटीची कागदपत्रं. चौथा टो-इनचा. तो आपल्याकडे मागणारं कोणी नाही, कारण तशी लाटच नाही. हवाईत मात्र मान्यताप्राप्त टो-इन कोर्सचं प्रमाणपत्र असल्याशिवाय चालकाला हे करता येत नाही.

इथला मोठा खड्डा असा की पहिला कागद दाखवून तिसरं काम करता येईल असं सांगणारे भेटतात. मलाही भेटले. नाव घेत नाही, पण अर्धा तास तलावात गोल फिरवून त्यांनी मला सोनेरी किनारीचं लॅमिनेट केलेलं 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' दिलं. पुढच्या केंद्रावरच्या बाईंनी ते हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि न बोलता परत दिलं. कोर्स देणाऱ्याला पैसे भरायच्या आधी एकच विचारा: हे प्रमाणपत्र कोण देतं, आणि त्या संस्थेच्या यादीत तुमचं केंद्र आहे का? उत्तर घोळात आलं तर उठा.

२. पोहणं: इथेच, आणि घाई न करता

"पाण्यात पडलं की पोहता येतं" ही म्हण विसरा. मी निफाडला आत्याच्या विहिरीत पोहायला शिकलो. विहिरीत शिकलेल्याचा एक ठरलेला दोष असतो: तो जोरात हात मारतो आणि भिंत धरतो. दहा हातांवर भिंत आहे हे शरीराला माहीत असतं. खुल्या पाण्यात भिंत नसते. पहिल्या वेळी मी गोव्याला गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी एका जागी तरंगत राहायला सांगितलं. चौथ्या मिनिटाला माझी मान मागे गेली, सातव्या मिनिटाला मला बाहेर बोलावलं. बॅच पुढे गेली, मी नाशिकला परत आलो.

मग दोन महिने त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तरणतलावात घालवले. केंद्राच्या पत्रकात काहीही लिहिलेलं असो, मी मामेभावाला दिलेलं माप असं: न थांबता दोनशे मीटर, काठ न धरता पंधरा मिनिटं तरंगणं, आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात पाठीवर पडून हातांनी मागे मागे सरकणं. शेवटचं फार जणांना जमत नाही, कारण ते कोणी केलेलंच नसतं. जॅकेट घालून पालथं पोहायला गेलात की दोन मिनिटांत दमता.

३. प्रथमोपचार आणि सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं)

हेही नाशकातच होतं. ते आधी उरकून घ्या, म्हणजे पुढच्या कोर्सात हात थरथरत नाहीत. मात्र कोर्स निवडताना बुडालेल्या माणसाबद्दल वेगळं शिकवतात का ते विचारा. हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाला नुसती छाती दाबूनही मदत होते. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचा मुळात श्वास कोंडलेला असतो, म्हणून आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती: तीस दाब, दोन श्वास. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०च्या वेगाने.

आपल्याकडची पोट दाबून पाणी काढायची आणि उलटं टांगायची सवय हाणून पाडा. मी एका बंधाऱ्यावर पाहिलंय. चार माणसं आळीपाळीने एका पोराचं पोट दाबत होती, पाचवा पाय वर धरून उभा. १०८ची गाडी आली तेव्हा डॉक्टरने सगळ्यांना बाजूला केलं आणि पहिली गोष्ट केली ती तोंडावर मास्क लावून श्वास द्यायची. पोटातलं पाणी काढायच्या नादात ते उलटीसकट फुफ्फुसात जातं.

४. कोर्स कुठे

दोन वाटा आहेत.

पहिली सरकारी: गोव्यात पणजीजवळची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाखालची, १९९०पासूनची. पॉवरबोट हाताळणी आणि जीवरक्षणाचे कोर्स इथे होतात, आणि किनाऱ्यावर या धंद्यात असलेले बरेच जण इथूनच गेलेले असतात. भारतात काम करायचं असेल तर हा कागद ओळखला जातो.

दुसरी ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची, बोलीत आरवायए. त्यांचा जेट स्कीचा कोर्स एका दिवसाचा आहे, वयाच्या बाराव्या वर्षापासून करता येतो. पॉवरबोट लेव्हल टू दोन दिवसांचा. त्यानंतर सेफ्टी बोट, तोही दोन दिवसांचा, पण त्याला लेव्हल टूची तयारी आधी हवी आणि वय किमान सोळा. परदेशात काम करायचा विचार असेल तर ही वाट. आरवायएशी जोडलेलं प्रत्येक केंद्र प्रत्येक कोर्स घेत नाही, शिडाच्या बोटींचंच शिकवणारी बरीच असतात. त्यांच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी कोर्सनुसार दिसते, ती बघूनच फोन करा.

बॅच ऑक्टोबर ते मे यांच्यातली धरा. पावसाळ्यात किनारा बंद.

जायचं कसं? नाशिक रोडवरून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला जाते. मनमाडवरून गोवा एक्सप्रेसही आहे. पोचल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. रात्रभर गाडीत जागून सकाळी पोहण्याची चाचणी द्यायची हा माझा पहिल्या वेळचा दुसरा गाढवपणा.

५. कागदपत्रं आणि सामान

- आधार कार्ड, आणि वयासाठी दहावीची गुणपत्रिका किंवा जन्मदाखला. तिन्हीकडे नाव सारखं असू द्या. आपल्याकडे एकीकडे वडिलांचं नाव मधे असतं, दुसरीकडे नसतं, आणि प्रमाणपत्रावर चुकीचं छापलं की दुरुस्तीला महिने जातात.
- एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. 'प्रकृती ठीक आहे' एवढं पुरत नाही, 'पोहणे व जलक्रीडेसाठी योग्य' असं लिहून घ्या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवाच. फिट येत असतील, दमा असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल तर लपवू नका.
- प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, पासपोर्ट फोटो. अठराच्या आत असाल तर पालकांचं संमतिपत्र.
- अपघात विमा असेल तर त्याच्या अटी वाचा. बऱ्याच पॉलिसी साहसी खेळांतली दुखापत धरत नाहीत.
- पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट टी-शर्ट), पाण्यातले बूट, शिट्टी, चष्म्याला दोरी.
- जाड निओप्रीनची (रबरासारख्या कापडाची) शॉर्ट.

शेवटच्या वस्तूबद्दल लाजून कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जेट स्कीच्या मागून पाण्याचा झोत फार दाबाने निघतो. मागे बसलेला माणूस थेट त्या झोतावर पडला तर गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून पाणी आत घुसून आतड्यांना आणि आतल्या अवयवांना गंभीर इजा होते. साध्या पोहण्याच्या कपड्यांनी हे अडत नाही. मशीनवरच्या स्टिकरवर ही सूचना छापलेली असते, कोणी वाचत नाही. घरच्या बायकामुलांना कुठे बीचवर जेट स्कीवर बसवाल तेव्हाही हे लक्षात ठेवा.

लाइफ जॅकेट केंद्र देतं, पण ते तपासणं तुमचं काम. कोणाला तरी मागून खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. पाण्यात ते तसंच वर येईल आणि तुम्ही खाली. जेट स्कीसाठी साधारण पन्नास न्यूटन तरंगण्याच्या जोराचं, पोहता येईल असं फोमचं जॅकेट चालतं. हवेने फुगणारं नको.

६. मशीनवरचा पहिला दिवस

आधी शब्द. 'जेट स्की' हे खरं तर कावासाकीचं नाव, यामाहाचं 'वेव्हरनर', तिसरं 'सी-डू'. कोर्सात सगळ्यांना मिळून 'पीडब्ल्यूसी', म्हणजे पर्सनल वॉटरक्राफ्ट, म्हणतात. तळाला जाळी असते, तिथून पाणी आत ओढलं जातं, इंपेलर (आतला पंखा) ते मागे फेकतो, आणि हँडल वळवलं की झोताचं मागचं तोंड वळतं. म्हणजे सुकाणू नाही. झोत हेच सुकाणू.

यातून जे निघतं ते डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. कॉलेज रोडवर ॲक्टिव्हा चालवताना समोर कोणी आडवं आलं की आपण मूठ सोडतो आणि हँडल वळवतो. जेट स्कीवर खटका, म्हणजे वेग द्यायची कळ, सोडलात की झोत बंद, आणि झोत बंद म्हणजे वळणं बंद. हँडल पूर्ण डावीकडे आणि मशीन सरळ. ताशी साठच्या वेगाला सेकंदात सोळा-सतरा मीटर, सरळ.

माझ्यासमोर जेट्टी होती. ट्रकचे जुने टायर बांधलेली. मला पार हँडल फिरवलेलं आठवतं, आणि टायरवरची नक्षी मोठी होत जाणं आठवतं. मागून सर ओरडत होते, "दादा, सोडू नको! थोडं दे आणि वळव!" मी सोडलं. वेग कमी होता म्हणून टायरनेच झेललं, नाक तेवढं खरचटलं, मशीनचं. त्यानंतर सरांनी मला तास भर एकच काम दिलं: बॉयाकडे (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेकडे) सरळ जायचं, शेवटच्या क्षणी खटका थोडा दाबून धरायचा आणि वळायचं. चाळीस-पन्नास वेळा. आता नव्या मशीनवर खटका सोडला तरी थोडं वळवणारी सोय असते, काहींना ब्रेकसारखी यंत्रणाही असते. तिच्या भरवशावर शिकू नका. भाड्याच्या जुन्या मशीनला ती नसते.

किल कॉर्ड: लाल, स्प्रिंगसारखी दोरी. एक टोक मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरं मशीनच्या बटणाला. तुम्ही पडलात की दोरी सुटते, इंजिन बंद. नसेल तर मशीन तुम्हाला सोडून निघून जातं, कधी कधी वळून तुमच्याच अंगावर येतं. भाड्याने देणारे ती हँडलला गुंडाळून ठेवतात. तसं दिसलं तर बसू नका.

उलटलेलं मशीन सरळ करताना मागच्या बाजूला बाण असलेलं स्टिकर शोधा आणि त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवलंत तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात. चढायचं नेहमी मागून, आणि इंजिन बंद असताना.

पेट्रोल भरल्यावर सीट उघडून वाफ जाऊ द्या, मगच स्टार्ट. समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे. आडव्या वाटेवर उजव्या बाजूने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हे परीक्षेत विचारतात.

आता उचलणं. पाण्यातला माणूस नेहमी तुमच्या डाव्या हाताला घ्यायचा, कारण खटका उजव्या हातात असतो आणि तो सोडायचा नाही. वाऱ्याला तोंड देत, अगदी संथ या, म्हणजे वारा मशीनला त्याच्या अंगावर ढकलणार नाही. हात हातात धरायचा नाही, ओला तळवा सटकतो. मनगट मनगटात. तुमच्या वेगाच्या झोक्याने त्याला मागे बांधलेल्या स्लेडवर ओढायचं. ही स्लेड म्हणजे दोन्ही बाजूंना मुठी असलेली जाड फोमची पाटी. तो पालथा पडून मुठी धरतो, आणि धरल्याची खूण मिळाल्याशिवाय तुम्ही वेग देत नाही. बेशुद्ध असेल तर मुठी धरणार कोण? तेव्हा मागे दुसरा वाचवणारा लागतो, म्हणून खऱ्या बचावात दोघे जातात. दोर सुटा लोंबत असेल तर तळाच्या जाळीत ओढला जाऊन इंपेलरला गुंडाळतो, आणि मग तुम्हालाच वाचवायला कोणी तरी लागतं.

७. परत आल्यावर: गंगापूर आणि गोदावरी

स्वतःचं मशीन आणून गंगापूरच्या बॅकवॉटरला उतरवायचं, असं होत नाही. धरण जलसंपदा विभागाचं आणि पाणी शहराच्या पिण्याचं. बोट क्लबसारख्या परवानगी असलेल्या जागीच, त्यांच्या माणसाबरोबर सराव करा.

दोन गोष्टी तिथे शिकायला मिळतात ज्या समुद्रावर मिळत नाहीत. एक, पाणी उतरलं की कालपर्यंत बुडालेला दगड आज वीतभर खाली असतो, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात पोचल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. जाळी तळाची वाळू आणि खडे ओढते. दोन, पाणवेली. शहराच्या खाली गोदावरीत हिरवी गालिचासारखी पसरते ती. एक झुपका जाळीत गेला की मशीन ओरडतं पण पुढे जात नाही. इंजिन बंद, किल कॉर्ड काढलेली, मगच खाली हात.

आणि पुराचं. सिंहस्थ २०२७चा, त्यामुळे बचावाच्या कामात उतरायची हौस असलेली पोरं सध्या बरीच भेटतात. चांगलंच आहे. पण दुतोंड्या मारुतीच्या (गोदाकाठची मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरून बघतात) कमरेला पाणी लागलंय अशा दिवशी गोदेत जेट स्की घालायची नाही. वाहत आलेली फांदी, साडी, गोणपाट, वायर, यातलं काहीही जाळीत जातं आणि तुम्ही पुलाच्या खांबाकडे बिनइंजिनचे वाहू लागता. पुराचं पाणी वेगळी विद्या आहे. ती अग्निशमन दलाकडून आणि आपत्ती दलांकडून शिकायची, त्यांच्या हाताखाली.

८. आणि टो-इन

इथवर आलात तर पुढचा टप्पा सर्फिंग. कर्नाटकात मुलकी, चेन्नईजवळ कोवलम, इथे नीट शिकवतात. एक हंगाम तरी लाटेत काढा. लाटा सेटमध्ये, म्हणजे काही काही मिळून घोळक्याने येतात, दोन सेटमध्ये किती वेळ मिळतो हे डोळ्याला कळलं पाहिजे. टो-इनचा चालक त्या सवडीत आत जाऊन बाहेर येतो. सवड निघून गेली तर आत घुसायचं नाही, वळसा घालून पुढच्या सवडीला यायचं. दोघे बुडण्यापेक्षा एकाने वीस सेकंद जास्त थांबलेलं बरं.

२०१३ला नाझारेला ब्राझीलची सर्फर माया गाबेरा लाटेवरून पडली. तिचा जोडीदार कार्लोस बुर्ले जेट स्कीवरून तिच्यापर्यंत पोचला, पण ती बेशुद्ध झाली होती. शेवटी त्याने मशीन सोडलं, पाण्यात उडी घेतली, तिला ओढत किनाऱ्यावर आणलं आणि तिथे सीपीआरने ती परत आली. २०२०ला तिने त्याच जागी ७३.५ फुटांची लाट घेतली. मामेभावाला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा त्याने लाटेचं माप लक्षात ठेवलं. त्या दिवशी चालकाला पोहणं आणि सीपीआर लागलं, मशीन नाही, हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

याच विषयावर बिग वेव्ह रिस्क असेसमेंट ग्रुप नावाचा गट सर्फरांनी स्वतः उभा केला, २०११ला कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सच्या लाटेत सायन मिलोस्की हा सर्फर गेल्यानंतर. श्वास रोखणं, जेट स्कीने उचलणं, लाटेतला बचाव, हे ते शिकवतात. परदेशी जायचं झालं तर आधी त्यांचा कोर्स, मग दोर.

मामेभाऊ सध्या दुसऱ्या टप्प्यावर आहे. लाइफ जॅकेट घालून सराव करायला तरणतलावावर परवानगी मागावी लागते, ऐन गर्दीत देत नाहीत. सकाळच्या पहिल्या बॅचला विचारा, तेव्हा शेवटची लेन रिकामी असते.